कवटी, कुळी आणि जात : इरावती कर्वे यांच्या आनुवंशिकताविषयक लेखनाचा फेरविचार

१

मराठी वाचकाच्या घरी इरावती कर्वे आहेत त्या ‘युगान्त’च्या. ललित निबंधांची आवड असलेल्यांच्या कपाटात ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’, ‘गंगाजल’ही सापडतात. पण ज्या कामासाठी बाईंनी चाळीस वर्षे पायपीट केली, माणसांची डोकी, नाके, उंच्या मोजल्या, नात्यांच्या शब्दांच्या याद्या केल्या, कोणाची मुलगी कोणाकडे जाते आणि कोणाकडे जात नाही याचे टाचण ठेवले, ते काम आपल्या वाङ्मयीन चर्चेत जवळजवळ नाही. समीक्षकांनी त्यांना महाभारताच्या चिकित्सक म्हणून वाचले, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेपुरते वाचले, आणि दोन्ही गट एकमेकांच्या वाटेला गेले नाहीत. परिणामी, एकाच बाईंची दोन चरित्रे झाली. एक लेखिका, एक मानवशास्त्रज्ञ.

प्रस्तुत लेखाचा आग्रह असा की ही दोन चरित्रे एकत्र वाचल्याशिवाय त्यांचे मोठेपण कळत नाही आणि त्यांच्या मर्यादाही कळत नाहीत. माणूस जन्माने काय घेऊन येतो आणि त्यातले किती त्याच्या वाट्याला समाजाने लिहिलेले असते, हा एकच प्रश्न त्या कवटीपासून कर्णापर्यंत विचारत राहिल्या.

या प्रश्नाला आज नव्याने धार आली आहे. ‘डीएनए’ हा शब्द आता प्रयोगशाळेत राहिलेला नाही. तो सभेत ऐकू येतो, समाजाच्या मेळाव्याच्या स्मरणिकेत छापून येतो, मोबाईलवर फिरणाऱ्या कुलवृत्तांतात असतो. पूर्वी भाटाच्या वहीला जो मान होता तो आता जनुकांच्या अहवालाला मिळू लागला आहे. अमुक समाज मूळचा कुठला, तमुक समाज ‘शुद्ध’ आहे की नाही, याचे निकाल विज्ञानाच्या नावाने लावले जात आहेत. अशा वेळी, हेच निकाल लावण्यासाठी उभारलेल्या युरोपातल्या एका संस्थेत शिकून, तिथल्याच मोजपट्टीने तिथलाच सिद्धान्त खोडणारी एक मराठी बाई आपल्याकडे होऊन गेली, हे विसरणे परवडणारे नाही.

२

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या म्यिंजान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत अभियंता. इरावदी नदीवरून मुलीचे नाव पडले. वयाच्या सातव्या वर्षी तिला पुण्यात हुजूरपागेत पाठवले गेले आणि पुढे रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी ती वाढली. फर्ग्युसनमधून १९२६ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन बी.ए., नंतर मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्रात एम.ए. प्रबंधाचा विषय चित्पावन ब्राह्मण. म्हणजे संशोधनाची सुरुवातच स्वतःच्या जातीपासून. दरम्यान महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्रज्ञ दिनकर कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढील शिक्षणासाठी त्या बर्लिनला गेल्या.

त्या जिथे गेल्या त्या संस्थेचे नाव होते कैसर विल्हेल्म मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजाजनन संस्था. स्थापना १९२७. संचालक ऑयगेन फिशर. या गृहस्थांनी १९०८ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या नैर्ऋत्य आफ्रिकेत जाऊन रेहोबोथ इथल्या मिश्र वंशाच्या लोकांचा अभ्यास केला होता आणि वंशसंकर वाईट असा निष्कर्ष काढून १९१३ मध्ये पुस्तक लिहिले होते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. संस्थेने नसबंदीच्या कायद्याला शास्त्राचा आधार पुरवला. फिशर यांच्या जागी १९४२ मध्ये जे आले ते ओटमार फॉन फेर्शुअर. आउशविट्झच्या छळछावणीत जुळ्या मुलांवर प्रयोग करणारा मेंगेले हा त्यांचा विद्यार्थी. इरावतीबाई तिथे होत्या तेव्हा हे सारे अजून पुढे होते. पण ज्या विचारातून ते निपजले तो विचार तिथे रोजच्या अभ्यासाचा भाग होता.

फिशर यांनी दिलेला विषय कवटीच्या विषमतेचा होता. माणसाच्या कवटीच्या दोन बाजू अगदी सारख्या नसतात. फिशर यांचा कयास असा की गोऱ्या युरोपीयांच्या कवटीत ही विषमता अधिक असावी, कारण त्यांच्या मेंदूचा पुढचा भाग उजवीकडे अधिक वाढलेला, आणि त्याचा संबंध त्यांच्या बुद्धीशी. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांतल्या काही आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून आणलेल्या होत्या, म्हणजे ज्यांची संमती कोणी घेतली नव्हती अशा माणसांच्या. मोजणीचा निष्कर्ष निघाला तो असा की विषमता सगळीकडे आहे, पण तिचा वंशाशी संबंध लागत नाही. पदवी १९३० मध्ये मिळाली, मात्र गुण खालच्या श्रेणीचे.

या प्रसंगाला अलीकडे पुन्हा उजाळा मिळाला तो त्यांची नात उर्मिला देशपांडे आणि थियागो पिंतो बार्बोसा यांनी लिहिलेल्या ‘इरू’ या २०२४ च्या इंग्रजी चरित्रामुळे. वर्तमानपत्रांनी त्याची एक वीरकथा केली : हिंदुस्थानी तरुणी विरुद्ध वंशवादी प्राध्यापक. कथा खोटी नाही, पण त्यात एक गोष्ट निसटते. बाईंनी मोजपट्टी फेकून दिली नाही. त्या ती बरोबर घेऊन पुण्याला आल्या आणि पुढे आयुष्यभर वापरली. वंशाच्या उतरंडीचा निष्कर्ष त्यांनी नाकारला, पण माणसांचे गट शरीरावरून ओळखता येतात आणि त्या ओळखीत इतिहास दडलेला असतो, हे गृहीतक त्यांनी ठेवले. त्यांच्या साऱ्या शास्त्रीय कामाची ताकद या गृहीतकात आहे आणि अडचणही त्यातच आहे.

३

त्या परतल्या तेव्हा महाराष्ट्रातही आनुवंशिकतेची चर्चा जोरात होती. कादंबरीकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या ना. सी. फडके यांनी १९२० च्या दशकात सुप्रजाजननाच्या चळवळीची मागणी करणारे इंग्रजी पुस्तक लिहिले होते. इरावतीबाईंचे थोरले दीर र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवत होते आणि संततिनियमनासाठी खटले अंगावर घेत होते. दुसऱ्या टोकाला गो. म. जोशी यांचे १९३४ चे ‘हिंदूंचे समाजरचनाशास्त्र’ हे पुस्तक होते. त्यात जातिसंस्थेचे समर्थन सुप्रजाजननाच्या आधारे केलेले आहे : जाती म्हणजे पूर्वजांनी शहाणपणाने राखलेली आनुवंशिक गुणांची कोठारे. युरोपात जो तर्क वंशासाठी वापरला जात होता तोच इथे जातीसाठी वापरला गेला. धर्मशास्त्राच्या जागी जीवशास्त्र आले आणि उतरंड होती तिथेच राहिली.

या वादात इरावतीबाई पत्रकबाजीने उतरल्या नाहीत. १९३९ मध्ये त्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या आणि मोजणीला लागल्या. वि. म. दांडेकर यांच्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रातील लोकांची अंगमापे १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर गुजरातेत लांघणज येथील अश्मयुगीन सांगाड्यांचा अभ्यास केला. भारतातील आप्तसंबंधांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९५३ चा, हिंदू समाजरचनेवरचा छोटा पण महत्त्वाचा ग्रंथ १९६१ चा. कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर लिहिलेला आठ अंतर्विवाही गटांच्या जैविक तुलनेचा निबंध १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ‘करंट अँथ्रपॉलॉजी’ या नियतकालिकात आला. आम्हा खानदेशी वाचकांसाठी आणखी एक नोंद महत्त्वाची : पश्चिम खानदेशातल्या, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारच्या, भिल्लांवरही त्यांनी पुस्तक केले. त्याचे स्वरूप सामाजिक व आर्थिक पाहणीचे आहे. ज्या जमातीकडे त्या काळचा मानवशास्त्रज्ञ मोजपट्टी घेऊन धावला असता, तिच्याकडे बाई पोटापाण्याचा हिशेब विचारत गेल्या. शेवटच्या वर्षांत कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी त्यांनी केली, तीही याच वाटेवरची. हाडांकडून जिवंत माणसांकडे असा हा प्रवास आहे.

४

त्यांच्या जातिविचाराचे सार असे सांगता येईल. आपण ज्याला सरसकट ‘जात’ म्हणतो ती दोन वेगळ्या वस्तूंची एकच पाटी असते. कुंभार हे धंद्याचे नाव झाले. पण महाराष्ट्रात थोरचाके, लहानचाके, हातघडे असे कुंभारांचे वेगवेगळे गट आहेत. त्यांची चाके वेगळी, घडवण्याची रीत वेगळी आणि मुख्य म्हणजे सोयरीक वेगळी. बेटीव्यवहार ज्याच्या आत होतो तो लहान गट हीच खरी जात. कुंभार, कुणबी, ब्राह्मण ही जातींच्या समूहांची नावे. खानदेशात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. लेवा, तिरोळे, घाटोळे हे सगळे सरकारदरबारी कुणबी या एका नावाखाली येऊ शकतात, पण लग्नाची बोलणी करताना ते एक नाहीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

आता प्रश्न असा की हे लहान गट आले कुठून? घुर्ये यांच्यासह अनेकांचे म्हणणे असे की मूळ एक मोठी जात होती, ती फुटत फुटत पोटजाती झाल्या. इरावतीबाईंनी आपल्या गुरूच्या विरुद्ध बाजू घेतली. त्या म्हणाल्या, पोटजाती फुटून झालेल्या नाहीत. ते मुळातच वेगवेगळ्या ठिकाणांहून, वेगवेगळ्या वेळी आलेले गट आहेत. एकच धंदा किंवा एकच दर्जा मिळाल्यामुळे ते एका नावाखाली जमा झाले. १९६८ च्या निबंधात त्यांनी आणि मल्होत्रांनी हेच तपासले. महाराष्ट्रातले ब्राह्मण म्हणवणारे आठ अंतर्विवाही गट घेतले. दर्जा एक, पण जैविक तुलनेत ते एकजिनसी निघाले नाहीत. म्हणजे ‘ब्राह्मण रक्त’ नावाची वस्तू महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांतही सापडत नाही.

गोधडीची उपमा द्यायची तर घुर्ये म्हणतात, एक लुगडे होते ते फाटून चिंध्या झाल्या. बाई म्हणतात, निरनिराळ्या लुगड्यांचे तुकडे होते ते एकत्र शिवले गेले.

या वादात एक तिसरा आवाज आहे आणि आपल्या विद्यापीठीय मांडणीत तो शेजारी ठेवला जात नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातींच्या उगमावर निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते आणि इरावतीबाई हुजूरपागेत शिकत होत्या. त्यांचे म्हणणे असे : या देशातली माणसे निरनिराळ्या वंशांच्या मिश्रणातून झालेली आहेत आणि संस्कृतीने एक आहेत. त्या एकसंध समाजाचे कप्पे पाडणारी एकमेव कळ म्हणजे अंतर्विवाह. बहिर्विवाहावर अंतर्विवाह लादला की जात झाली. हा कप्पा बंद ठेवायचा तर स्त्रीला बांधावे लागते, म्हणून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह. पुढे १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात त्यांनी पंजाबच्या ब्राह्मणाचे उदाहरण घेऊन विचारले की तो वंशाने मद्रासच्या ब्राह्मणाला जवळचा की पंजाबच्याच चांभाराला? इरावतीबाई आणि मल्होत्रा यांनी आकड्यांनी जे दाखवले त्याचा तर्क तिथे बत्तीस वर्षे आधी मांडलेला आहे. १९४८ च्या अस्पृश्यतेवरील ग्रंथात तर बाबासाहेबांनी घुर्ये यांच्याच पुस्तकातली नाकांची मापे घेऊन अस्पृश्यता वंशातून आली हा सिद्धान्त निकालात काढला. मोजपट्टी दोघांच्याही हाती होती. फरक पडला तो पुढच्या प्रश्नात. बाई विचारत होत्या, हे गट आले कुठून? बाबासाहेब विचारत होते, ते बंद कोणी केले आणि त्याची किंमत कोण भरते आहे?

५

इरावतीबाई ११ ऑगस्ट १९७० रोजी गेल्या. तोवर डीएनएचा आराखडा ठाऊक झाला होता, पण तो वाचता येत नव्हता. गेल्या पंधरा-सतरा वर्षांत तो वाचता येऊ लागला आणि हा जुना वाद नव्या पुराव्यासमोर आला.

२००९ मध्ये हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी हार्वर्डच्या सहकाऱ्यांबरोबर पंचवीस गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की भारतातले बहुतेक सर्व गट दोन प्राचीन पूर्वजसमूहांच्या मिश्रणातून आले आहेत. प्रमाण कमीजास्त आहे, पण मिश्रणाबाहेर जवळजवळ कोणी नाही. २०१३ च्या पुढच्या कामात या मिश्रणाचा काळ निघाला : सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी. म्हणजे त्या काळात इथली माणसे मोकळेपणाने मिसळत होती. नंतर मिसळणे थांबले. बंगालमधल्या शास्त्रज्ञांच्या २०१६ च्या अभ्यासाने अनेक गटांत अंतर्विवाह सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी घट्ट झाल्याचे दाखवले. ढोबळमानाने हा गुप्तांचा काळ. काही गटांत दार त्याच्याही आधी बंद झालेले दिसते. २०१७ मध्ये २६३ गट तपासले गेले तेव्हा त्यांतले ८१ गट असे निघाले की थोड्या पूर्वजांपासून वाढल्याची खूण त्यांच्यात फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक आहे. यातले काही गट दहा लाखांहून मोठे आहेत. संख्या लाखांत, पण लग्नाचे वर्तुळ जणू एका तालुक्याचे.

हा पुरावा कोणाच्या बाजूचा? बाईंचे एक म्हणणे त्याने भक्कम केले. लग्नाचा लहान गट हेच जातीचे खरे एकक आहे, आणि शेजारी शेजारी राहणारे, एकच भाषा बोलणारे गटही जैविक दृष्ट्या वेगळे ओळखू येतात. मोजपट्टी आणि रक्तगट एवढ्या तुटपुंज्या साधनांवर त्यांनी जे हेरले ते लाखो जनुकीय खुणांच्या तपासणीत टिकले, ही लहान गोष्ट नाही.

पण त्यांच्या दुसऱ्या म्हणण्याला, म्हणजे हे गट मुळापासूनच निराळे होते याला, त्याच पुराव्याने मुरड घातली. तुकडे वेगळे आहेत खरे, पण सूत त्याच मोजक्या गाठोड्यांतल्या कापसाचे आहे. आधी मिश्रण, मग बंदी. हा क्रम बाबासाहेबांच्या १९१६ च्या मांडणीशी अधिक जुळतो. समाज त्यांना वाटला तितका एकजिनसी नव्हता एवढी दुरुस्ती करून घ्यावी लागते, पण जात ही वंशाची देणगी नसून बंद केलेले दार आहे, हा गाभा राहतो.

एक अडचणीची गोष्टही सांगितली पाहिजे. त्याच २००९ च्या अभ्यासात परंपरेने वरच्या मानल्या गेलेल्या गटांत एका पूर्वजसमूहाचा वाटा सरासरीने अधिक आढळला. स्मरणिका लिहिणारे नेमके हेच वाक्य उचलतात. पण पूर्वजांचा वाटा म्हणजे गुणवत्ता नव्हे. कोणत्या वाटेने आजोबा-पणजोबा आले एवढेच ते सांगते. बर्लिनच्या कवट्यांत बाईंनी जी गोष्ट दाखवली तीच इथे लागू पडते : फरक मोजता येतो म्हणून त्याला उतरंडीचा अर्थ आपोआप मिळत नाही. तो अर्थ मोजणारा घालतो.

बाईंच्याच डेक्कन कॉलेजातून राखीगढीचे उत्खनन झाले. तिथल्या सांगाड्यातून मिळालेल्या डीएनएचा निबंध सप्टेंबर २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात आला. हडप्पा काळातल्या त्या स्त्रीत पुढे स्टेपच्या गवताळ प्रदेशातून आलेल्या पूर्वजांचा अंश नाही, असे त्यात आहे. ज्यांना आर्य बाहेरून आले असे म्हणायचे होते त्यांनी त्यातून एक अर्थ काढला, ज्यांना ते आले नाहीत असे म्हणायचे होते त्यांनी नेमका उलटा, आणि दोघांनीही पत्रकार परिषदेतली वाक्ये निबंधापेक्षा अधिक वाचली. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी मेलेल्या एका बाईला दोन्ही बाजूंनी साक्षीला उभे केले. हाडांना आपल्या सोयीचे बोलायला लावण्याचा हा उद्योग इरावतीबाईंनी तरुणपणी पाहिला होता.

६

आता बाईंच्या मर्यादेकडे. जातीच्या उच्चनीचतेच्या त्या समर्थक नव्हत्या, हे त्यांच्या कोणत्याही वाचकाला कळते. पंढरीच्या वारीवरच्या ‘वाटचाल’ या लेखात एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बायकांचा स्वयंपाक वेगळा होतो याची त्यांना झालेली टोचणी आहे. विठ्ठलाच्या नावाने एक झालेली माणसे जेवायला बसताना दोन होतात, हे त्यांना सहन होत नाही. पण हीच टोचणी त्यांच्या शास्त्रीय ग्रंथात येत नाही. तिथे जात म्हणजे नातलगांचे मोठे वर्तुळ. प्रत्येकाची रीत वेगळी, प्रत्येकाला आपल्या जागी राहू दिलेले, असे एक सहनशील चित्र उभे राहते. त्या चित्रात महारवाडा गावाबाहेर का, या प्रश्नाला नातेसंबंधांच्या तक्त्यात घर नाही. वाय. बी. दामले यांच्याबरोबरच्या १९६३ च्या ग्रामपाहणीत गटांमधले तुटलेपण त्यांनी नोंदले आहे, पण सिद्धान्तात ते मुरले नाही.

त्याहून खटकणारी गोष्ट स्त्रियांबद्दलची. विधवेशी लग्न करून समाजाचा रोष ओढवून घेणाऱ्या महर्षींच्या घरात त्या सून म्हणून आल्या. अंतर्विवाहाचे कुंपण बाईच्या देहावर घातलेले असते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. बाबासाहेबांनी ते तरुणपणीच सूत्ररूपाने सांगितले होते. तरीही बाईंच्या जातिविषयक ग्रंथात कुंपण दिसते, कुंपणाचा खांब झालेली बाई दिसत नाही.

ती दिसते ललित लेखनात, आणि म्हणूनच दोन इरावतीबाई एकत्र वाचायला हव्यात. ‘परिपूर्ती’ हा लेख घ्या. सभेत ओळख करून देताना अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी अशी यादी होते. शेवटी रस्त्यात शाळकरी पोरे आपल्या सोबत्याची आई म्हणून ओळखतात तेव्हा ती ओळख पुरी होते. आप्तसंबंधांची शास्त्रज्ञ स्वतःच आप्तसंबंधाच्या तक्त्यात बसवली जाते, याची ती हसत केलेली नोंद आहे. ‘युगान्त’मध्ये हे हसू मावळते. गांधारी, कुंती, द्रौपदी यांची दुःखे ही कुळाच्या हिशेबासाठी वापरल्या गेलेल्या बायकांची दुःखे आहेत. धर्मराजाचा बाप विदुर तर नसेल, असा प्रश्न त्यांनी विचारला तेव्हा अनेकांना तो आगाऊपणा वाटला. पण ज्यांनी हयातभर वंशावळी तपासल्या त्यांना कागदावरचा बाप आणि खरा बाप यांच्यातले अंतर ठाऊक होते. राजवंशाचे सारे युद्ध ज्या रक्तासाठी, ते रक्तच मुळात संशयास्पद. कुलशुद्धीच्या कल्पनेवर याहून मोठा घाव कोणत्या मापनतक्त्याने घातला असता? आणि कर्ण. जन्म ठाऊक नाही म्हणून ज्याला जागाच नाही असा माणूस. बाई त्याला दयेने रंगवत नाहीत. जागा शोधता शोधता तो कसा वाकत गेला तेही सांगतात. खांडववन जाळून तिथल्या रहिवाशांना संपवण्यावर त्यांनी कृष्णार्जुनांना जो जाब विचारला, तो वाचताना आफ्रिकेतून बर्लिनला आलेल्या कवट्या आठवतात. भूमीसाठी माणसे मारायची आणि मग उरलेल्यांची हाडे मोजायची, हा उद्योग त्यांनी हाताळून पाहिलेला होता.

म्हणजे शास्त्रातून जे सुटले ते ललित लेखनात आले. शास्त्रीय भाषेला ज्या प्रश्नांची लाज वाटत होती ते प्रश्न त्यांनी महाभारताच्या आडून विचारले. या दुभंगाचा दोष एकट्या त्यांचा नाही. ‘मोजता येईल तेच खरे’ असे त्यांना बर्लिनने शिकवले होते. पण दोष नाही म्हणून मर्यादा पुसली जात नाही. ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार १९६८ मध्ये मिळाला आणि आठ गटांचा निबंधही त्याच वर्षी आला. या दोन मजकुरांनी एकमेकांशी बोलायला हवे होते.

७

हा सारा खल तालुक्याच्या गावी बसून का करायचा? कारण याचे परिणाम इथेच होतात.

सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा आणि भिल्ल वस्त्यांत सिकलसेलचा आजार आहे. रक्तातल्या लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, सांधे दुखून माणूस तळमळतो, मूल वारंवार आजारी पडते. आई आणि बाप दोघेही केवळ वाहक असतील, म्हणजे स्वतः धडधाकट असतील, तरी प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. विदर्भात हाच आजार दलित वस्त्यांतही आहे. तो तिथे का, याचे उत्तर वंशाच्या हीनतेत नाही. हिवतापाच्या मुलखात या जनुकाची एकच प्रत असलेली माणसे तगून राहतात, म्हणून ते टिकले. आणि लग्नाचे वर्तुळ लहान, म्हणून दोन प्रती एकत्र येण्याचा धोका वाढला. वरच्या मानलेल्या जातीही यातून सुटलेल्या नाहीत. आंध्रातल्या वैश्य समाजात शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या स्नायू सैल करणाऱ्या एका औषधाने धोका होतो, कारण ते औषध विरघळवणारे द्रव्य अनेकांच्या रक्तात कमी असते. हेही बंद दाराचेच फळ. ‘शुद्ध रक्त’ या शब्दाचा दवाखान्यातला अर्थ हा आहे.

इथे इरावतीबाईंचे काम आजही उपयोगी पडते. सरकारी दाखल्यावरचे जातीचे नाव डॉक्टरला फारसे काही सांगत नाही. सोयरीक कुठे होते हे सांगते. आजाराची पाहणी करायची तर गट त्यांच्या रीतीने पाडावे लागतील. पण त्याच वेळी बाबासाहेबांचा प्रश्न विसरला तर ही पाहणीच नवी अस्पृश्यता होईल. वाहक मुलीचे लग्न मोडेल, वाहक मुलाचे लपवले जाईल. तपासणी दोघांची, गुपित दोघांचे, आणि निर्णयही दोघांचा, हे आधी मान्य व्हायला हवे.

आपल्याकडे दर हिवाळ्यात समाजासमाजांचे वधू-वर परिचय मेळावे भरतात. सूचीपुस्तिका छापली जाते. तीत शिक्षण, उंची, रास, गोत्र, शेती किती आणि नोकरी कायम की तात्पुरती हे सगळे असते. एका अर्थी ही पुस्तिका म्हणजे इरावतीबाईंच्या एककाचा छापील पुरावा : नातलगांचे वर्तुळ, त्याच्या सीमा, त्याचे आतले नियम. पण ती सत्तर पिढ्यांपूर्वी लागलेल्या दाराची कडीही आहे. बाईंनी त्या वर्तुळाचा नकाशा आपल्याला काढून दिला. कडी कोणत्या बाजूने लावलेली आहे हे पाहण्याचे काम त्यांनी आपल्याकडे ठेवले, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही.